प्रस्तावना : पाभरीने पेरल्यासारखं

काही वर्षांपूर्वी गाझियाबादहून एक मराठी बाई माझ्याकडे तपासायला आल्या. पन्नाशीच्या आतल्या, शाळेत शिकवणाऱ्या. पडद्यामागे गेल्यावर त्यांनी ब्लाउजमधून एक लहानशी पिशवी काढून टेबलावर ठेवली. जुन्या सुती साडीचा दुहेरी कपडा, कडेने बारीक धावदोरा, आत मोहरी. "कापूस हलका पडतो मॅडम, ब्लाउज त्या बाजूने वर सरकतो. मोहरी बरोबर बसते. घरच्या काट्यावर मोजून भरलीय." उन्हाळ्यात घामाने मोहरीला वास यायचा, म्हणून दर पंधरा दिवसांनी ती बदलायची. ऑपरेशनला सहा वर्षं झाली होती. तेवढ्या काळात केमो झाली, रेडिएशन झालं, तपासण्यांना कितीतरी वेळा जाणं झालं. पण काढलेली छाती पुन्हा घडवता येते, हे त्यांना कोणीही सांगितलं नव्हतं. तुम्ही कधी विचारलं का, असं मी म्हटलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "जीव वाचला होता. आणखी काय मागायचं?"

हे पुस्तक अशा बायकांसाठी आहे, आणि त्यांना काही सांगायचं राहून गेलं त्या आम्हा डॉक्टरांसाठीही. स्तनाच्या कर्करोगात स्तन काढल्यानंतर स्वतःच्याच पोटाची किंवा मांडीची चरबी घेऊन छाती पुन्हा भरण्याच्या पद्धतीला आम्ही फॅट ग्राफ्टिंग म्हणतो. दोन्ही लेखिकांनी त्यासाठी 'चरबीरोपण' हा शब्द वापरला आहे. मला तो आवडला, कारण या कामात रोपण हाच खरा भाग आहे. माझं बालपण बार्शीकडच्या ज्वारीच्या रानात गेलं. पाभर कशी चालते ते पाहिलेल्या माणसाला हे ऑपरेशन समजावून सांगायला वेळ लागत नाही. दाणे ढिगाने टाकले तर कुजतात. ओळीत, अंतर राखून, मातीला चिकटून पडले तर उगवतात. चरबीच्या पेशींचंही तसंच आहे. शरीरातून बाहेर काढलेल्या चरबीला स्वतःची रक्तवाहिनी नसते. पहिले काही दिवस ती भोवतालच्या ऊतीतून पाझरणाऱ्या द्रवावर जगते, मग हळूहळू तिच्यात नव्या केशवाहिन्या शिरतात. एका जागी मोठा गोळा घातला तर कडेचा एक-दोन मिलिमीटरचा थर तगतो आणि मधला भाग मरतो. या शाखेतला सव्वाशे वर्षांचा वाद आणि शोध या एका अडचणीभोवती फिरत आला आहे.

सुरुवात मात्र गोळ्यापासूनच झाली. 1895 मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या व्हिन्सेन्झ चेर्नी यांनी रंगमंचावर काम करणाऱ्या एका स्त्रीच्या स्तनातली गाठ काढून उरलेली पोकळी तिच्याच कमरेकडच्या चरबीच्या गाठीने भरल्याचं प्रसिद्ध केलं. त्याच्या एकच वर्ष आधी अमेरिकेत बाल्टिमोरला विल्यम हॉलस्टेड यांनी आपल्या मोठ्या ऑपरेशनचा अहवाल प्रसिद्ध केला होता: स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी, सगळं एकत्र काढायचं. पुढची सत्तरेक वर्षं जगभर हॉलस्टेड यांच्याच पद्धतीचा वरचष्मा राहिला. छाती पुन्हा घडवणं म्हणजे कर्करोग परत आला तर त्याच्यावर पांघरूण घालणं, अशी समजूत घट्ट बसली. तिचा पगडा आमच्या शिक्षकांवर होता, आणि खरं सांगायचं तर थोडाफार आमच्यावरही.

आपल्याकडे मात्र पुनर्रचनेची आठवण फार जुनी आहे. लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर 1794 मध्ये कावसजी नावाच्या मराठी बैलगाडीवानाची हकिकत छापून आली. तो इंग्रज फौजेबरोबर होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडून त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभराने पुण्याजवळच्या एका कुंभाराने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं. आधी मेणाचा नमुना करायचा, तो कपाळावर सपाट पसरून मापाने कातडी कापायची, पण तिचा देठ कपाळाशी जोडलेला ठेवायचा, म्हणजे रक्त चालू राहतं. ही हकिकत वाचून युरोपातले सर्जन पुन्हा नाकं घडवू लागले. देठासकट वळवलेल्या त्या कातडीच्या तुकड्याला आज आम्ही फ्लॅप म्हणतो. फ्लॅप आणि चरबीरोपण यांच्यातला फरक मला नव्या विद्यार्थ्यांना सांगायचा असतो तेव्हा मी पुण्याच्या त्या कुंभाराचाच आधार घेते. फ्लॅप मुळासकट जातो. चरबी बियाण्यासारखी जाते.

छाती घडवण्याच्या तीन वाटा आहेत. पहिली वाट इम्प्लांटची. 1962 मध्ये ह्यूस्टनमध्ये टिमी जीन लिंडसे या स्त्रीला थॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो यांनी सिलिकॉनचं पहिलं इम्प्लांट बसवलं. ऑपरेशन छोटं आणि आकार लगेच मिळतो, म्हणून ही वाट आजही मोठी आहे. पण रेडिएशन झालेल्या छातीत इम्प्लांटभोवतीचं आवरण आकसतं, दगडासारखं लागतं. 2019 मध्ये खरबरीत पृष्ठभागाच्या काही इम्प्लांटशी एका दुर्मीळ लिम्फोमाचा संबंध दिसल्यावर अ‍ॅलर्गन कंपनीने ती जगभरातून परत घेतली. दुसरी वाट फ्लॅपची. इटलीच्या इजिनिओ तान्सिनी यांनी पाठीचा स्नायू छातीकडे वळवला होता. 1982 मध्ये अटलांटाच्या कार्ल हार्ट्राम्प्फ यांनी पोटाची कातडी, चरबी आणि स्नायू वर आणले. पुढे जपानचे इसाओ कोशिमा आणि अमेरिकेचे रॉबर्ट अ‍ॅलन यांनी स्नायू जागेवर ठेवून फक्त कातडी, चरबी आणि बारीक रक्तवाहिन्या नेण्याची पद्धत रूढ केली. मायक्रोस्कोपखाली एक-दोन मिलिमीटरच्या रक्तवाहिन्या शिवणारं हे आठ-दहा तासांचं काम आहे. नैसर्गिकपणात त्याची बरोबरी अजून कोणी करू शकलेलं नाही, असं माझं मत आहे. त्यासाठी लागणारी टीम आणि आयसीयू आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी आहे, हेही तितकंच खरं.

तिसरी वाट चरबीची. ती मध्येच बंद पडली होती. 1970 च्या दशकात इटलीचे फिशर पिता-पुत्र आणि पॅरिसचे इव्ह-जेरार इलूझ यांनी चरबी नळीने ओढून काढायची रीत आणली. शोषून काढलेली चरबी टाकून का द्यायची, ती जिथे हवी तिथे का घालू नये, हा प्रश्न मग आपोआप आला. 1987 मध्ये अमेरिकेतल्या मेल बिर्कॉल यांनी स्तनात चरबी घालण्याचा अनुभव मांडला आणि मोठं वादळ उठलं. मेलेल्या चरबीत चुन्याचे कण साठतात. ते मॅमोग्राफीत कर्करोगासारखे दिसतील, आणि खरा कर्करोग त्यांच्यात लपेल, अशी भीती होती. प्लास्टिक सर्जनांच्या अमेरिकी संघटनेने त्याच वर्षी या पद्धतीच्या विरोधात भूमिका घेतली. ती बदलायला 2009 उजाडलं. बावीस वर्षं वाट बंद राहिली. मला त्या भूमिकेचा राग येत नाही. पुरावा नसताना थांबणं योग्यच होतं. पण थांबल्यावर पुरावा शोधण्याचं काम फार थोड्यांनी केलं, ही खंत आहे.

ज्यांनी ते केलं त्यांच्यात न्यूयॉर्कचे सिडनी कोलमन यांचं नाव पहिलं घ्यावं लागेल. त्यांनी पेशींना हळुवार वागवायला शिकवलं: मोठ्या पंपाच्या जोरावर नाही, तर हातातल्या सिरिंजच्या सौम्य ओढीने चरबी काढायची, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तेल आणि रक्त वेगळं करायचं, आणि बोथट नळीने थेंबाथेंबाने, अनेक थरांत ती पसरायची. फ्रान्समध्ये लियॉनचे इमॅन्युएल डेले 1998 पासून पाठीच्या फ्लॅपला चरबीची जोड देत आले. त्यांच्या हाताखाली शिकलेली पिढी आज युरोपभर काम करते आहे. मायामीचे रॉजर खौरी यांचा मार्ग वेगळा. ऑपरेशनआधी काही आठवडे छातीवर निर्वात पोकळीचं कवच लावून जागा आणि रक्तपुरवठा वाढवायचा, मग चरबी घालायची. म्हणजे पेरणीआधी रान तयार करायचं. टोकियोचे कोतारो योशिमुरा यांनी चरबीतल्या मूळपेशी वेगळ्या काढून त्याच चरबीत मिसळण्याची कल्पना पुढे नेली. कर्करोग झालेल्या छातीच्या बाबतीत मी या शेवटच्या मार्गापासून दूर राहते. या पेशी वाढीला चालना देतात, आणि अशा छातीत प्रमाणाबाहेर चालना देण्याचा धोका मला पत्करायचा नाही.

या सगळ्यांच्या मतांतला खोल भेद एका प्रश्नावर येतो: चरबी ही भर आहे की औषध? 2001 मध्ये पॅट्रिशिया झुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चरबीत मूळपेशी असतात हे दाखवलं. मग 2007 मध्ये इटलीतल्या व्हेरोनाचे जिनो रिगोत्ती यांनी 20 स्त्रियांच्या रेडिएशनने जळून कडक झालेल्या, जखमा न भरणाऱ्या छातीत चरबी घातली, आणि कातडी मऊ होत गेल्याचं मांडलं. हे मी स्वतः पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. दिल्लीत रुग्ण रेडिएशनला 'सिंकाई' म्हणतात, गावाकडे आपण 'लाइट' म्हणतो. रेडिएशन झालेल्या छातीत पहिल्यांदा नळी शिरते तेव्हा वाळलेल्या चामड्यातून दाभण जावं तशी खरखर हाताला लागते. तीन-चार महिन्यांनी दुसऱ्या वेळी त्याच जागी नळी शिरते, तेव्हा खरखर कमी झालेली असते. कातडी चिमटीत धरता येते. त्या बाईला स्वतःला ते आमच्याआधी कळलेलं असतं. हात वर केला की छाती ओढत नाही, असं ती सांगते.

ऑपरेशन थिएटरमधला एक क्षण वाचकाला दाखवावासा वाटतो. पोटात आधी सलाइन, भूल आणि रक्तस्राव कमी करणारं अ‍ॅड्रेनॅलिन मिसळून सोडलेलं असतं. मग चरबी ओढून सिरिंजा उभ्या ठेवल्या की थोड्या वेळात तीन थर दिसतात. वर पिवळं तेल, खाली गुलाबीसर पाणी, आणि मध्ये रवाळ तुपासारखी चरबी. वरचं तेल गॉजच्या वातीने टिपून घ्यायचं, खालचं पाणी सोडून द्यायचं, मधला थर लहान सिरिंजांत भरायचा. कातडीवर दोन मिलिमीटरची चीर. नळी आत नेताना काहीच सोडायचं नाही. मागे घेताना एकेका ओळीत अगदी थोडं थोडं. एका छातीत अशा शेकडो ओळी होतात. नवा सर्जन घाई करतो, कारण बाहेरून काहीच घडताना दिसत नाही. सिस्टर शेजारी उभी राहून प्रत्येक बाजूला किती मिलिलिटर गेलं ते फळ्यावर लिहीत असते. माझ्या मते त्या खोलीतलं सर्वात महत्त्वाचं काम ते आहे.

घातलेली सगळी चरबी तगत नाही. साधारण निम्मी ते दोन-तृतीयांश राहते, बाकीची शरीर शोषून घेतं. म्हणून एका ऑपरेशनने पूर्ण स्तन होत नाही. तीन, चार, कधी पाच वेळा यावं लागतं, मध्ये किमान तीन महिन्यांचं अंतर ठेवून. तेलाच्या गाठी होतात, चुन्याचे कण साठतात. अनुभवी रेडिओलॉजिस्टला ते बहुतेक वेळा ओळखू येतात. पण ऑपरेशन झाल्याची नोंद रुग्णाच्या फाइलमध्ये असायलाच हवी, आणि मॅमोग्राफीला जाताना ती सांगायलाच हवी. आणखी एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही, ती लेखिकांनी ठळक लिहिली आहे: पोटाची चरबी छातीत गेली तरी ती पोटाचीच राहते. वजन वाढलं की त्या बाजूची छातीही वाढते, आजारपणात वजन उतरलं की ती उतरते.

कर्करोग परत येण्याची भीती हा सर्वात गंभीर प्रश्न. प्रयोगशाळेत चरबीतल्या मूळपेशी कर्करोगाच्या पेशींना चालना देताना दिसल्या आहेत, आणि ही काळजी खोटी नाही. पण प्रत्यक्ष रुग्णांचा मागोवा घेणाऱ्या मिलान, ह्यूस्टन आणि इतर ठिकाणच्या मोठ्या अभ्यासांतून एकूण रुग्णांत कर्करोग परतण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. परिणामकारकतेबद्दलचा एक चांगला पुरावा नेदरलँड्सच्या मास्ट्रिख्टमधून आला. तिथल्या संशोधकांनी चिठ्ठी टाकून 193 स्त्रियांचे दोन गट केले, एका गटाला इम्प्लांट, दुसऱ्याला बाहेरच्या कवचासह चरबी. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत चरबीच्या गटातल्या स्त्रिया आपल्या छातीबद्दल अधिक समाधानी होत्या. तरीही ज्यांच्या कर्करोगाचा स्वभाव आक्रमक आहे, ज्यांचे उपचार नुकतेच संपले आहेत, त्यांनी आपल्या ऑन्कोलॉजिस्टशी बोलून थांबावं, हाच माझा सल्ला असतो. पुस्तकातही तोच आहे.

आता आपल्या देशाकडे येते, कारण हे पुस्तक इथल्यासाठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या 2022 च्या अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे 1 लाख 92 हजार नवे रुग्ण आले आणि 98 हजारांहून अधिक स्त्रिया त्याने गेल्या. माझ्या बार्शीत 1987 मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तेव्हा आमच्या भागात हा शहरी बायकांचा आजार मानला जायचा. आजही बार्शीचा दर दिल्लीपेक्षा बराच कमी आहे. दिल्लीत राष्ट्रीय नोंदणीच्या 2020 च्या अहवालानुसार तो दर लाख स्त्रियांमागे 38 च्या वर, हैदराबाद, चेन्नई, बंगळुरूच्या पाठोपाठ. आपल्याकडच्या स्त्रिया पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा साधारण दहा वर्षं लवकर आजारी पडतात, आणि गाठ मोठी झाल्यावर येतात. म्हणून स्तन वाचवून फक्त गाठ काढण्याची पद्धत, जी मिलानच्या उंबेर्तो व्हेरोनेसी आणि अमेरिकेच्या बर्नार्ड फिशर यांनी 1980 च्या दशकातच पूर्ण स्तन काढण्याइतकीच सुरक्षित असल्याचं सिद्ध केलं, ती आपल्याकडे अनेकींच्या वाट्याला येतच नाही. पूर्ण स्तन जातो, वर रेडिएशन होतं, आणि बाई चाळिशीत असते. तिच्यापुढे अजून अर्धं आयुष्य असतं.

दिल्ली आणि भोवतालचा परिसर हे उत्तर भारताचं कर्करोगाचं मोठं दार आहे. एम्सचं रोटरी कर्करोग रुग्णालय, रोहिणीतलं 1996 पासूनचं राजीव गांधी कॅन्सर इन्स्टिट्यूट, हरियाणातल्या झज्जर जिल्ह्यात बाढसा इथे एम्सने उभं केलेलं 710 खाटांचं राष्ट्रीय कर्करोग संस्थान, गुरुग्राम आणि नोएडातली खासगी रुग्णालयं. बिहार, उत्तर प्रदेश, हरियाणातून बायका रात्रभर रेल्वेत बसून येतात. त्यांच्यात काटक, कष्टाने वाळलेल्या शरीराच्या कितीतरी जणी असतात, ज्यांच्या पोटावर चिमूटभर चरबी नसते. त्यांच्यासाठी ही वाट उपयोगी नाही, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. काहींना चार वेळा यायला भाड्याचे पैसे नसतात. काहींना सपाट छाती चालते, आणि तो निर्णयही तितकाच पूर्ण आहे. पुण्यात डॉ. चैतन्यानंद कोप्पीकर यांच्यासारख्या सर्जनांनी कर्करोगाचं ऑपरेशन आणि छातीचा आकार यांचा एकत्र विचार करणाऱ्या ऑन्कोप्लास्टीला आपल्याकडे वळण दिलं. नागपूरला डॉ. सी. बालकृष्णन यांनी आणि मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अँटिया यांनी प्लास्टिक सर्जरीचा पाया घातला. माझ्या पिढीचे अनेक सर्जन त्या पायावर उभे आहेत. म्हणजे हात आहेत, कसब आहे. ऑपरेशनआधीच्या पाच मिनिटांच्या बोलण्यात मात्र आम्ही कमी पडतो.

ते बोलणं घरातही होत नाही. आपल्या भाषेत या अवयवाला नाव घेऊन बोलायची सोय ठेवलेली नाही. बायका 'एक बाजू काढली' म्हणतात. सासूसमोर, मुलीसमोर, कधी नवऱ्यासमोरही ब्लाउज बदलायचं थांबवतात. लेखिकांपैकी एक सर्जन आहे, दुसरीने वर्षानुवर्षं रुग्णांशी आणि त्यांच्या घरच्यांशी समुपदेशक म्हणून बोलण्याचं काम केलं. त्यांनी हे पुस्तक मराठीत लिहायचं ठरवलं तेव्हा दिल्लीतले सहकारी म्हणाले, इंग्रजीत किंवा हिंदीत लिहा, जास्त लोक वाचतील. दोघींचं म्हणणं असं की, ज्या भाषेत बाई हा विषय मनातल्या मनात टाळते, त्याच भाषेत तो लिहिला गेला पाहिजे. मी पूर्णपणे त्यांच्या बाजूची आहे. त्यांनी 'स्तन' आणि 'छाती' हे शब्द न संकोचता वापरले आहेत, आणि जिथे रुग्ण 'बाजू' म्हणते तिथे तिचा शब्द तसाच ठेवला आहे. पुस्तक कुणालाही ऑपरेशनकडे ढकलत नाही. तिन्ही वाटा, त्यांचे खर्च, जखमा, दुखणं, आणि काहीच न करण्याची चौथी वाट, हे सगळं समोर ठेवतं. फसलेल्या ऑपरेशनांचे फोटोही आहेत. ते घ्यायला संमती दिलेल्या स्त्रियांचे मी मनापासून आभार मानते.

एक बाब पुस्तकात थोडक्यात आली आहे, ती मला इथे जोर देऊन सांगायची आहे. अनेक बायकांना वाटतं, आणि काही विमा कार्यालयांतले लोकही तसंच सांगतात, की छातीची पुनर्रचना म्हणजे सौंदर्याची शस्त्रक्रिया, त्यामुळे विमा मिळत नाही. विमा नियामकाने 2019 मध्ये सर्व आरोग्य विम्यांसाठी ठरवलेल्या कलमांत सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळली आहे, पण त्याच वाक्यात अपघात, भाजणं किंवा कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेला अपवाद केला आहे. कलमाची खूण 'Excl08' अशी असते. उपचार करणाऱ्या डॉक्टरने ही शस्त्रक्रिया वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक आहे असं लेखी द्यावं लागतं. सुरुवातीला सांगितलेल्या शिक्षिकाबाईंनी असं पत्र घेऊन दावा केला. पहिल्यांदा तो नाकारला गेला, दुसऱ्या अर्जानंतर मंजूर झाला. त्या पत्राचा मराठी, हिंदी आणि इंग्रजी मसुदा परिशिष्टात दिला आहे. तो कात्रीने सरळ कापून घेता येईल अशा वेगळ्या पानावर, मागची बाजू कोरी ठेवून छापायला मी प्रकाशकांना सांगितलं आहे.